टोचन लावणारा ट्रक घरी बांधताना: १:१३ मापाची रिमोटवरची ब्रेकडाउन क्रेन

खंबाटकी घाटाच्या पायथ्याशी एका ढाब्यावर थांबलो असताना समोर एक ब्रेकडाउन क्रेन उभी होती. टाटाची जुनी, नाकवाली एसई केबिन, मागे लोखंडी चॅनेल जोडून गॅरेजमध्येच बांधलेलं बूम (गाडी उचलायचा तिरका दांडा), आणि पुढच्या बंपरवर काँक्रीट ओतलेले दोन पत्र्याचे डबे. ते डबे कशासाठी, असं मी चालकाला विचारलं. हातातला चहा खाली न ठेवता तो म्हणाला, "मागं उचलायचं तर पुढं बसवायला लागतं, दादा. नाहीतर स्टेअरिंग हातात नुसतं फिरतं."

माझा पहिला रिमोट ट्रक तेव्हा घरी कपाटात पडून होता. दिसायला देखणा होता, पण दुसऱ्या गाडीचं नाक उचललं की त्याची पुढची चाकं जमिनीवरून सुटायची. सोसायटीच्या उतारावर तो असाच तिरका घसरत गेला आणि गटाराच्या कडेवर आपटून त्याची केबिन फुटली. त्या चालकाच्या एका वाक्यानंतर मी सगळा ट्रक उसवला आणि नव्याने बांधायला घेतला. पुढचं सगळं त्या दुसऱ्या ट्रकबद्दल आहे.

टो ट्रकचा जन्मही अशाच अडचणीतून झाला. अमेरिकेत टेनेसी राज्यातल्या चॅटानूगा गावचे गॅरेजवाले अर्नेस्ट होम्स यांना ओढ्यात उलटलेली फोर्ड मॉडेल टी बाहेर काढायला बरीच माणसं आणि कित्येक तास लागले. मग १९१६ मध्ये त्यांनी १९१३ च्या कॅडिलॅक गाडीच्या सांगाड्यावर तीन खांब, एक कप्पी आणि साखळी बसवली. होम्सच्या नंतरच्या गाड्यांना दोन बूम असत. एका बाजूने ओढताना दुसऱ्या बाजूचा दोर झाडाला बांधायचा, म्हणजे ट्रक स्वतः उलटत नाही. तिथेही प्रश्न तोलाचाच होता.

आधी टायर, मग प्रमाण

नवशिके आधी प्रमाण ठरवतात, सगळे आराखडे काढतात, आणि मग त्या मापाचा टायर मिळत नाही म्हणून अडकतात. बाकी सगळं घरी करता येतं, पण चांगला रबरी टायर करता येत नाही. म्हणून पहिली खरेदी टायरची करा आणि प्रमाण त्यावरून काढा.

१:१४ हे मॉडेल ट्रकचं जगभर रुळलेलं माप आहे. तामिया या जपानी कंपनीने ते लोकप्रिय केलं, त्यामुळे टायर, रिम, एक्सल, डिफरन्शियल (वळताना दोन्ही बाजूंची चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअर) हे सुटे भाग याच मापात सहज मिळतात. मला मिळालेल्या टायरचा व्यास भरला ८१ मिमी. ट्रक टर्मिनलवर उभ्या असलेल्या खऱ्या गाडीचा १०.००-२० चा टायर टेपने मोजला तर साधारण १०५० मिमी. भागाकार केला की येतात १३. तेव्हा माझी गाडी १:१३ ची. बाकीच्या मापांना सरळ तेराने भागत गेलो.

टाटाच्या जुन्या ट्रकचं नाव वाचता आलं तर बरंच काम होतं. १६१३/४२ मधले १६ म्हणजे एकूण वजन १६ टनांच्या आसपास, १३ म्हणजे सुमारे १३० अश्वशक्ती. तिरक्या रेघेनंतरचा आकडा पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर सांगतो: ४२ म्हणजे ४.२ मीटर, ३६ म्हणजे ३.६ मीटर. क्रेनसाठी आखूड गाडी बरी, म्हणून मी ३६ धरली. ३६०० भागिले १३, म्हणजे २७७ मिमी.

फोटो काढायला जाल तेव्हा चालकाला विचारून, गाडीपासून वीसेक पावलं लांब उभं राहून, झूम करून काढा. जवळून काढलेल्या फोटोत नाक फुगतं आणि मागचा भाग आवळला जातो. एका काठीवर दर दहा सेंटिमीटरला काळ्या-पांढऱ्या खुणा करून ती गाडीला टेकवून ठेवली, तर फोटोवरूनच बहुतेक मापं निघतात. मी मोजलेल्या गाडीच्या चासीची रुंदी ८६ सेंटिमीटर निघाली, म्हणजे मॉडेलमध्ये ६६ मिमी.

तोलाचं गणित

हे गणित कागदावर मांडल्याशिवाय करवत हातात घेऊ नका. मागचा एक्सल म्हणजे टेकू. हुकाला लटकलेलं वजन त्या टेकूच्या मागे आहे, पुढच्या चाकांवरचं वजन टेकूच्या पुढे. हूक मागच्या एक्सलपासून जितका लांब, तितकं पुढचं टोक उचललं जातं.

पुढच्या चाकांवरून किती वजन कमी होईल, ते असं काढा: हुकावरचं वजन गुणिले हुकापासून मागच्या एक्सलपर्यंतचं अंतर, भागिले पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर.

माझा ट्रक तयार होऊन भरला ४.८ किलो. त्यातले २ किलो पुढच्या चाकांवर, २.८ मागच्या. बूम आत असताना हूक मागच्या एक्सलच्या १३३ मिमी मागे येतो. ज्या मॉडेल ट्रकला टोचन लावायचं, त्याचं नाक उचलायला दीड किलो जोर लागतो. १.५ गुणिले १३३ भागिले २७७ म्हणजे ०.७२ किलो. पुढे उरले १.२८ किलो, मूळच्या ६४ टक्के. स्टेअरिंग व्यवस्थित चालतं.

आता बूम ८० मिमी बाहेर काढलं की हूक १९८ मिमीवर जातो. पुढचं वजन १.०७ किलोने घटतं आणि उरतात ०.९३, म्हणजे ४६ टक्के. अमेरिकेतले टो ट्रकवाले एक ठोकताळा पाळतात: गाडी उचलल्यावर पुढच्या एक्सलवर रिकाम्या गाडीच्या निम्मं तरी वजन राहिलं पाहिजे. मॉडेललाही तो तंतोतंत लागू पडतो. ४६ टक्क्यांवर सरळ रस्त्यावर गाडी चालते, पण वळणावर पुढची चाकं घासत सरळच जातात. म्हणून बूम लांब काढायचं ते फक्त खड्ड्यातून ओढताना, ट्रक उभा असताना. चालवताना बूम आत.

यातून बांधणीचे तीन निर्णय आपोआप होतात. बूमचं बूड मागच्या एक्सलच्या पुढे घ्यायचं, चासीचा मागचा भाग शक्य तितका आखूड कापायचा, आणि बॅटरीसकट सगळा जड माल केबिनखाली भरायचा.

चासी

पाऊण इंची ॲल्युमिनियमचा सी-चॅनेल खिडक्या-दरवाजे करणाऱ्यांकडे तुकड्यात मिळतो. ४१० मिमीचे दोन तुकडे घ्या. दोन्ही एकमेकांना चिकटपट्टीने बांधून भोकं एकदमच पाडा. वेगवेगळी पाडलीत तर एक्सल तिरका बसतो आणि गाडी आयुष्यभर एका बाजूला ओढते. आडवे क्रॉस मेंबर पाच: पुढच्या बंपरमागे, गिअर मोटरखाली, बूमच्या बुडाशी दोन, आणि शेवटी एक. बूमच्या बुडाशी असलेले दोन ३ मिमी जाडीच्या लोखंडी पट्टीचे करा, ॲल्युमिनियमचे नकोत. ओढताना सगळा जोर तिथेच येतो.

रिव्हेट वापरू नका. एम ३ चे ॲलन बोल्ट आणि नायलॉनचे लॉकनट वापरा, कारण ही गाडी तुम्ही किमान दहा वेळा उसवणार आहात. मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर आणि पुण्यात रविवार पेठेच्या बोहरी आळीत हे बोल्ट, बेअरिंग, पितळी सळया सुट्या मिळतात. दुकानदाराला नमुना दाखवा, नुसतं माप सांगून चुकीचा आटा घरी येतो.

एक्सल, पाटे आणि मोटर

मागचा डिफरन्शियलवाला एक्सल आणि पुढचा स्टेअरिंगचा एक्सल मी १:१४ साठीचे तयार धातूचे घेतले. घरी लेथ असेल तर जरूर करा. माझ्याकडे नव्हतं.

पाटे, म्हणजे एक्सलवरच्या स्प्रिंगची पाती, मात्र घरीच केले. मोठ्या खोक्यांना बांधतात ती पॅकिंगची पोलादी पट्टी ०.५ मिमी जाडीची असते. ती ८ मिमी रुंदीला कापून, हाताने हलका बाक देऊन, लांबीच्या उतरत्या क्रमाने रचायची आणि मधे एम २ चा सेंटर बोल्ट घालायचा. मागे पाच पाती, पुढे तीन. मागे तीनच घातलीत तर गाडी उचलताच ट्रक मागे बसतो, बूमचं टोक खाली येतं आणि उचललेली गाडी पुन्हा जमिनीला टेकते. पात्यांच्या मधे थोडं ग्रीस लावा, नाहीतर ती चावतात आणि कुरकुरतात. यू-बोल्ट २ मिमीच्या सायकल स्पोकचे करता येतात. त्यांना आटे आयतेच असतात, पण एकाच टोकाला, त्यामुळे एका यू-बोल्टला दोन स्पोक लागतात आणि वरचा जोड पितळी सोल्डरने करावा लागतो.

गाडी ओढायला वेगळी क्रॉलर मोटर आणि तीन गिअरचा खोका घेण्यापेक्षा, रोबोटिक्सची मुलं वापरतात ती १२ व्होल्टची जॉन्सन गिअर मोटर घ्या. मुंबईत लॅमिंग्टन रोडला आणि पुण्यात बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांत ती मिळते. प्रश्न एवढाच की मिनिटाला किती फेऱ्यांची. मी आधी ६०० फेऱ्यांची लावली होती. रिकामा ट्रक मजेत धावायचा, पण मागे गाडी अडकवून चढावर नेली की मोटर हाताला चटका बसेल इतकी तापायची. ३०० ची लावल्यावर तक्रार संपली. हिशेब असा: तीन सेलच्या बॅटरीवर सुमारे २७५ फेऱ्या, डिफरन्शियलमध्ये ३:१ ने कमी होऊन चाकाच्या ९२, चाकाचा घेर २५४ मिमी. मिनिटाला २३ मीटर, म्हणजे ताशी १.४ किलोमीटर. तेराने गुणलं तर खऱ्या गाडीच्या हिशेबात ताशी १८ किलोमीटर. टोचन लावलेली गाडी घाटात अशीच सावकाश न्यावी.

मोटरपासून डिफरन्शियलपर्यंत प्रोपेलर शाफ्ट, दोन्ही टोकांना युनिव्हर्सल जॉइंट. दोन्ही जॉइंटची फोर्क एकाच रेषेत ठेवा. एक ९० अंशांनी फिरलेला असेल तर शाफ्ट झटके देत फिरतो. स्टेअरिंगला धातूच्या दात्यांचा एमजी ९९६ आर सर्व्हो (रिमोट सांगेल तेवढ्याच कोनात वळणारी छोटी मोटर) पुरेसा आहे. दीड-दोन किलो वजन पुढच्या चाकांवर असताना प्लास्टिकचे दाते टिकत नाहीत.

बूम

पाऊण इंची चौकोनी ॲल्युमिनियम नळी बाहेरून, त्यात अर्धा इंची नळी आतून. दोन्हींच्या मधे चारी बाजूंना साधारण २ मिमीची फट राहते. तिथे १.५ मिमीच्या प्लास्टिक पट्ट्या चिकटवून, सँडपेपरने घासत घासत आतली नळी हलक्या हाताने सरकेल अशी करा. मेण चोळलं की छान सरकते. बाहेरची नळी २६० मिमी. आतली सरकवायला मोटर लावू नका. दोन्ही नळ्यांतून आरपार ४ मिमीची भोकं पाडून पिन घाला. रस्त्यावरच्या कित्येक क्रेनवर हीच पद्धत असते आणि रिमोटचा एक चॅनेल वाचतो.

बूमचं बूड मागच्या एक्सलच्या ८० मिमी पुढे, दोन उभ्या त्रिकोणी खांबांमधे, ५ मिमीच्या पोलादी पिनीवर. बूम ३५ अंशांवर असताना त्याचं टोक बुडापासून आडवं २१३ मिमीवर येतं. त्यातून ८० वजा केले की वरच्या गणितातले १३३ मिळतात.

बूम वर-खाली करायला हायड्रॉलिक सिलिंडर दिसायला फार सुंदर, पण गळतात आणि महाग पडतात. मी आटेवाली सळई वापरली: एम ६, एका फेरीला १ मिमी सरकणारी. एन २० मापाची १०० फेऱ्यांची छोटी गिअर मोटर ती फिरवते आणि बुडापासून ९० मिमीवर बूमला जोडलेलं पितळी नट वर-खाली जातं. पूर्ण चढायला अर्धा मिनिट लागतो. हा वेग मला मुद्दाम हवा होता, कारण खरं बूम असंच धीराने चढतं. आट्याचा दुसरा फायदा म्हणजे वीज गेली तरी बूम जागच्या जागी राहतं. दीड किलो वजनाला नटावर साडेतीन किलोच्या वर जोर येतो, म्हणून नट प्लास्टिकचं नको. मोटर आणि सळई यांच्या मधे थ्रस्ट बेअरिंग घाला. ते नसेल तर हा सगळा जोर मोटरच्या इवल्याशा गिअरवर जातो आणि दोन दिवसांत त्यांचा चुरा होतो.

विंचसाठी, म्हणजे ड्रमवर दोर गुंडाळून वजन उचलायला, वर्म गिअरची मोटर घ्या, ३७० मापाची, ३० फेऱ्यांच्या आसपास. वर्म गिअर मोटर फिरवते तेव्हाच ड्रम फिरतो, दोर ओढला तरी ड्रम उलटा फिरत नाही. अर्ध्या चढावर रिमोट सोडला तरी गाडी लटकलेलीच राहते. साध्या गिअर मोटरवर मी हा प्रयोग केला आहे आणि लटकलेली गाडी सावकाश खाली येताना पाहिली आहे. ड्रम १४ मिमी व्यासाचा, दोन्ही बाजूंना ३० मिमीच्या चकत्या. दोर सेकंदाला २२ मिमी चढतो.

ड्रम बूमच्या बुडाशीच बसवा आणि दोर बूमच्या पाठीवरून, अगदी लगत, टोकाच्या कप्पीपर्यंत न्या. ड्रम खाली चासीवर लांब ठेवलात तर दोर बूमला कोनातून ओढतो आणि आट्यावर नको तो ताण येतो. माझ्या पहिल्या ट्रकमध्ये हीच चूक होती.

दोर मासेमारीचा विणीचा, १ मिमीचा. खरा १३ मिमीचा पोलादी दोर या मापात बरोबर एवढाच होतो. पोलादी तार वापरू नका, इतक्या लहान ड्रमवर ती दुमडते आणि सुटते. पांढरा दोर काळ्या शाईत थोडं तेल घालून माखला की पोलादी दिसतो. हूक २.५ मिमीच्या पितळी सळईचा: सळई गॅसवर लालसर तापवून पाण्यात बुडवा, पितळ मऊ होतं आणि पकडीने हवं तसं वळतं. साखळ्या मात्र विकतच्या. इमिटेशन दागिन्यांच्या दुकानात मीटरवर मिळतात, पण कडीचे जोड सोल्डर करून घ्या, नुसते दाबलेले असतात ते उघडतात.

शेवटच्या क्रॉस मेंबरला आडवा टी-बार लावा, दोन्ही टोकांना साखळीचे हूक. समोरच्या गाडीचा पुढचा एक्सल त्यावर टेकतो, साखळीने आवळायचा. नुसत्या दोरावर लटकलेली गाडी ब्रेक मारला की झोके खाते आणि येऊन क्रेनच्या पाठीवर आदळते.

वायरिंग

बॅटरी तीन सेलची लिपो (लिथियम पॉलिमर), २२०० एमएएच. पूर्ण भरली की १२.६ व्होल्ट. सेलमागे ३.५ व्होल्टच्या खाली जाऊ देऊ नका, बॅटरीला शिट्टीचा अलार्म लावून ठेवा. बॅटरीच्या लाल वायरवर १५ अँपिअरचा फ्यूज हवाच. चासी धातूची आहे, एक वायर सोलली तर फ्यूजशिवाय काय होईल ते सांगायला नको.

रिमोट फ्लायस्कायचा एफएस-आय ६, सहा चॅनेलचा. वाटणी अशी: स्टेअरिंग, पुढे-मागे, बूम, विंच, दिवे, भोंगा. मुख्य मोटरला हॉबीविंगचा क्विकरन १०६० हा ईएससी (मोटरचा वेग आणि दिशा सांभाळणारा सर्किटचा डबा), बूम आणि विंचला दोन्ही दिशांना चालणारे छोटे ब्रश ईएससी. घेताना ते तीन सेलवर चालतात का, हे नक्की पाहा, कित्येक फक्त दोन सेलचे असतात.

दोन गोष्टी इथे सांभाळा. प्रत्येक ईएससी रिसीव्हरला स्वतःची वीज पुरवतो. तीन ठिकाणची वीज एकत्र आली की ती एकमेकांशी भांडतात. म्हणून तिन्ही ईएससींच्या रिसीव्हरकडे जाणाऱ्या तिपदरी वायरमधली लाल तार पिनीतून उपसून टेप लावून ठेवा, आणि ६ व्होल्ट ५ अँपिअरचा एकच वेगळा यूबीईसी (बॅटरीचे व्होल्ट उतरवून देणारं सर्किट) रिसीव्हरला द्या. सर्व्होसुद्धा त्यावरच.

दुसरी गोष्ट लिमिट स्विचची. बूम वरच्या टोकाला पोहोचल्यावरही बोट रिमोटवर राहिलं तर आटा अडकतो आणि मोटर जळते. दोन्ही टोकांना एकेक मायक्रोस्विच लावा, नेहमी जोडलेला असतो तो कॉन्टॅक्ट मोटरच्या वायरमधे आणा आणि स्विचला समांतर १एन४००७ डायोड जोडा. बूमने स्विच दाबला की वर जाणारा प्रवाह तुटतो, पण खाली येणारा प्रवाह डायोडमधून वाट काढतो. डायोड उलटा लागला तर स्विच दाबूनही मोटर थांबत नाही. म्हणून बूम जोडण्याआधी मोटर मोकळी फिरवून, स्विच बोटाने दाबून दोन्ही दिशा तपासा. रिमोटवर संदेश अडखळत असतील, तर प्रत्येक मोटरच्या दोन टोकांवर १०४ लिहिलेला कपॅसिटर सोल्डर करा.

दिव्यांचं फारसं काही नाही. पिवळ्या एलईडीला ६ व्होल्टवर २७० ओहमचा रोध लावा, टपावर झगमगणारा पिवळा दिवा दोन एलईडी आळीपाळीने पेटवून होतो.

केबिन: तेलाच्या डब्याची

केबिन थ्रीडी प्रिंट करता येते, प्लास्टिकच्या शीटचीही छान होते. मी पत्र्याची करतो, आणि त्याला कारण आहे. आपल्याकडे ट्रकची बॉडी वर्षानुवर्षं हाताने पत्रा ठोकून केली जाते. त्या पत्र्याला येणारी किंचित लाट, कडेची दुमड, जोडावरचा उंचवटा प्लास्टिकवर मुद्दाम काढावा लागतो. पत्र्यावर तो आपसूक येतो. शिवाय केबिन पुढे असते आणि पत्रा जड असतो. आपल्याला पुढे वजन हवंच आहे.

१५ किलोचा तेलाचा रिकामा डबा घ्या. गरम पाणी आणि धुण्याच्या सोड्याने तेलकटपणा पूर्ण घालवा, नाहीतर सोल्डर धरत नाही. हातमोजे घालून पत्र्याच्या कात्रीने तो उलगडा. कडा ब्लेडसारख्या असतात.

आधी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदाची केबिन करा. दारं, नाक, टप, मागची भिंत, सगळं कागदात जुळलं की ते पत्र्यावर टाचणीने आखा. प्रत्येक कडेला ३ मिमी जास्त ठेवा. ती कड लोखंडी अँगलच्या दोन तुकड्यांत शिकंज्यात दाबून, लाकडी हातोडीने हलके हलके आत दुमडा. एकदम ठोकलं तर पत्रा ताणतो आणि लाटा उठतात. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पाच-सहा फेऱ्यांत दुमड पूर्ण झाली पाहिजे.

नाकाची गोलाई सगळ्यात कठीण. सागवानाचा ठोकळा नाकाच्या आकाराला घासून घ्या, पत्रा त्यावर धरून चमच्याच्या पाठीने चोळत बसवा. मला तिसऱ्या पत्र्याला जमलं. जोड आतून सोल्डर करा. १०० वॉटचा सोल्डरिंग आयर्न लागतो, रेडिओ दुरुस्तीच्या २५ वॉटने पत्रा तापतच नाही. फ्लक्स लावा, आधी दर दोन सेंटिमीटरवर एकेक टिपका द्या, काटकोन तपासा, मग सलग भरा. सगळा जोड एका दमात भरला तर केबिन पिळवटते. काम झाल्यावर फ्लक्स ब्रशने धुऊन काढा, राहिला तर रंगाखाली गंज येतो.

काचा मिठाईच्या डब्याच्या पारदर्शक झाकणाच्या. टपावरची पन्हळ १ मिमी तांब्याच्या तारेची.

रेड ऑक्साइडचा प्रायमर, त्यावर केशरी रंगाचे तीन पातळ हात. बूमला पिवळा-काळा पट्टा. नंबर प्लेट व्यावसायिक गाडीची, म्हणजे पिवळी, काळी अक्षरं. मागे "हॉर्न ओके प्लीज" लिहायचं की नाही, हे तुमची गाडी कोणत्या काळातली यावर ठरवा: महाराष्ट्रात २०१५ मध्ये त्यावर बंदी आली. माझी गाडी त्याआधीची आहे.

तोल बसवणं आणि पहिली ओढ

रंग वाळल्यावर स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या. पुढची दोन्ही चाकं काट्यावर, मागची त्याच उंचीच्या पुस्तकांवर. आकडा लिहा. मग समोरची गाडी हुकाला उचला आणि पुन्हा वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या निम्म्याहून कमी असेल तर बंपरमागे शिसं भरा. टायरच्या दुकानात चाकाच्या बॅलन्सिंगची जुनी वजनं मिळतात. पाच-दहा ग्रॅमचे तुकडे असल्याने हळूहळू वाढवता येतात. माझ्या ट्रकमध्ये ३१० ग्रॅम बसलं, आणि बाहेरून दिसावेत म्हणून बंपरवर सिमेंट भरलेले दोन इवले डबेही ठेवले आहेत.

पहिली ओढ सपाट फरशीवर. मग कच्च्या रस्त्यावर, मग चढावर. खड्ड्यातून गाडी ओढताना क्रेनच्या मागच्या चाकांना उटी (चाक अडवायचा ठोकळा) लावा. नाहीतर ड्रम फिरतो तो दोर आत घेण्याऐवजी क्रेनलाच खड्ड्याकडे खेचतो. दोर नेहमी ट्रकच्या लांबीच्या रेषेत ठेवा. बाजूला ओढायचंच असेल तर होम्सची युक्ती करा: विरुद्ध बाजूला चासीपासून एक दोर झाडाच्या बुंध्याला किंवा जमिनीत ठोकलेल्या खिळ्याला बांधा.

पहिल्या अर्ध्या तासानंतर ट्रक उलटा करून प्रत्येक बोल्ट तपासा. माझे मागच्या हबचे दोन नट ढिले झाले होते, त्यांना थ्रेडलॉक (आटा ढिला होऊ न देणारा गोंद) लावला. आट्याच्या नटाला ग्रीसचा थेंब द्या, पाट्यांचे यू-बोल्ट पुन्हा आवळा. बॅटरी काढून सेलमागे ३.८ व्होल्टवर आणून ठेवा, बूम खाली घ्या आणि दोर ढिला सोडा, म्हणजे ड्रमवरच्या वेढ्यांना वळ पडत नाही.